शुल्काच्या धास्तीने गाळा घेताना

अमेरिकेने ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि २७ ऑगस्टला बऱ्याचशा मालावर ते ५० टक्क्यांवर नेलं. वीस दिवसांत दुप्पट. तिकडच्या गिऱ्हाइकाने ‘जरा थांबा’ म्हटलं, की तयार माल ठेवायला जागा लागते आणि भिवंडीच्या दलालाला फोन जातो. पण शुल्क वीस दिवसांत बदललं तरी गाळ्याचा करार तीन वर्षांचा असतो.

हिशेबापुरता ५,००० चौरस फुटांचा गाळा धरू, फुटाला २० रुपये. भाडं महिना १ लाख, वर १८ टक्के जीएसटी. तुमची नोंदणी नेहमीची असेल तर तो वळता होतो. कंपोझिशन योजनेत असाल तर गेला. तीन महिन्यांचं डिपॉझिट ३ लाख. तीन वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक ०.२५ टक्के: ३६ लाख भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं ९०,००० व्याज, म्हणजे ९,२२५ रुपये. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, महापालिका हद्दीत १,०००. वीज, हमाली, माथाडी लेव्ही, विमा वेगळे.

हे झालं सरळ. मार बसतो तो लॉक-इनचा, म्हणजे ज्या मुदतीआधी गाळा सोडता येत नाही तिचा. अठरा महिन्यांचा लॉक-इन लिहून दिला आणि सहा महिन्यांत माल निघून गेला, तर उरलेल्या बारा महिन्यांचे १२ लाख मालक मागू शकतो. सहा महिन्यांच्या लॉक-इनसाठी फुटाला दोन रुपये जास्त द्यावे लागले तरी मी देईन. वर्षाला १ लाख २० हजारच होतात. आत ४० लाखांचा माल आणि कर्ज १२ टक्क्यांचं, तर महिन्याला ४०,००० व्याज चालूच. भाड्याच्या घासाघिशीत हा आकडा हमखास विसरला जातो.

सही करण्याआधी टेप घेऊन जा. भाडं बिल्ट-अपवर असतं, माल मावतो कार्पेटमध्ये. आणि भिंतीचा खालचा भाग बघा. आम्ही एकदा उन्हाळ्यात, नव्या रंगाला भुलून गाळा घेतला. जुलैत जमिनीपासून वीतभर ओल चढली आणि खालच्या थरातले खोके बोट लावलं तरी आत जात होते. मालक म्हणाला, पॅलेटवर ठेवायचे ना!

आयातदाराला कस्टम्सच्या बाँडेड गोदामाचीही वाट आहे. इथे प्रश्न भारतातल्या आयात शुल्काचा. ते माल बाहेर काढताना भरायचं, पण त्याच्या तिप्पट रकमेचा बाँड द्यावा लागतो आणि ९० दिवसांनंतर शुल्कावर १५ टक्के व्याज लागतं. दर मात्र माल सोडवण्याची बिल ऑफ एंट्री दाखल कराल त्या दिवशीचा. शुल्क उतरेल असं वाटत असेल तरच बाँडमध्ये थांबा. चढण्याची धास्ती असेल तर आजच भरून माल सोडवा.