पोटात एक, कडेवर एक

दुसऱ्या खेपेला दिवस राहिले की कौतुक जरा कमीच होतं. पहिल्या वेळी 'जिना चढू नकोस' म्हणणारी माणसंच आता 'एवढ्याने काही होत नाही गं' म्हणू लागतात, आणि आपणही तेच म्हणत कामाला लागतो. अशातच गावची जत्रा येते, भाच्याची मुंज निघते, नाहीतर आईबाबांनी नातवंडाला पाहून वर्ष झालेलं असतं. जायचं तर असतं. पण पोटात सहा महिन्यांचं आणि कडेवर अडीच वर्षांचं, तेही दहा मिनिटं एका जागी न बसणारं. जावं की राहावं?

डॉक्टरांची हरकत नसेल तर जा, असंच मी सांगेन. पण एक गोष्ट घरातून निघण्याआधी दोघांनी बसून ठरवा. या प्रवासात थोरल्याचं सगळं बाबाने करायचं. भरवणं, शू-शी, कपडे बदलणं, रात्री थोपटणं, सगळं. आईने फक्त जवळ असायचं. हे मी आईच्या विश्रांतीपुरतं सांगत नाही. तीन-चार महिन्यांनी आई दवाखान्यात असेल, मग टाके, मग दर दोन तासांनी पाजणं. त्या दिवसांत थोरल्याला पहिल्यांदाच कळलं की आपल्याला आता बाबाकडे सोपवलंय, तर तो त्याचा दोष बाळाला देईल. बाबाची सवय त्याला आधीच लागलेली असली तर बाळ आल्यावर त्याचं काही हिरावून घेतलं जात नाही. आणि ही सवय लावायला घरापेक्षा प्रवास बरा. घरात बाबाला ऑफिसचा फोन असतो आणि आई स्वयंपाकघरातून हाकेला ओ देते. गाडीत बाबा दिवसभर समोर बसलेला असतो. त्याला कुठे जायचंच नसतं.

आमचा थोरला अडीच वर्षांचा आणि मला सहावा सरत आलेला, तेव्हा आम्ही मांडवी एक्स्प्रेसने कुडाळला निघालो होतो. चिपळूणच्या आसपास तो मांड्या आवळून उभा राहिला. बाबा उठला तसा हा खिडकीच्या गजाला धरून बसला. "आईच! आईच!" समोरच्या काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठले नाही. रडणारं पोर उचलून बाबा गेला आणि डब्याच्या टोकापर्यंत ते रडणं मला ऐकू येत राहिलं. हलत्या गाडीतला देशी संडास लहान मुलाला भयंकर वाटतो, आवाज केवढा, पायाखाली सगळं थरथरतंय. बाबाने आधी स्वतःचे पाय घट्ट रोवले, त्याची पाठ आपल्या पोटाला टेकवली आणि गुडघ्यांखाली हात घालून त्याला अधांतरी धरलं. परत आला तेव्हा डोळे ओले होते, पण सांगायला बातमी होती. "बाबाने विमान केलं!" पुढे उक्षी गेल्यावर करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. अंधार संपेचना, तसा तो माझ्या शेजारून उठला आणि बाबाच्या शर्टात तोंड खुपसून बसला. मी हाताच्या अंतरावर होते, तरी तिकडे गेला. मला वाईट वाटलं का? क्षणभर वाटलं. प्रत्येक आईला वाटेल. पण त्याच रात्रीपासून मी निवांत झोपू लागले.

आता कधी निघायचं ते पाहू. साधारण चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंतचा काळ प्रवासाला बरा. उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट अजून आड येत नाही. बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास होते. ती होऊ द्या आणि मगच तिकीट काढा, कारण वार खाली आहे का, हेही त्यात दिसतं. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, अंगावरून रक्त गेलं असेल, रक्तदाब वाढलेला असेल, आधीचं बाळंतपण दिवसांआधी झालेलं असेल, तर हट्ट करू नका. मुंज तुमच्याविना होईल. विमानाने जाणार असाल तर बहुतेक कंपन्या शेवटच्या तिमाहीत डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तिसाव्या आठवड्यानंतर बसू देत नाहीत. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला विमानात मांडीवर बसवता येत नाही, त्याचं वेगळं तिकीट लागतं.

कोकणात जायचं असेल तर माझा कौल रेल्वेला. गाडी लागण्याचा त्रास मुलांना साधारण दोन वर्षांनंतरच सुरू होतो, आणि पोटुशीला घाटाची वळणं नकोशीच वाटतात. दोघांना एकाच वेळी उलटी व्हायला लागली तर सांभाळणारा एकटा बाबा काय काय करणार? शिवाय रेल्वेत चालता येतं. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, त्यामुळे तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलं तर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. दर दीड-दोन तासांनी उठा, चार पावलं टाका, घोटे फिरवा, पाणी प्या. 'सारखं जावं लागतं' म्हणून पाणी टाळणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तसं करू नका.

पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. म्हणून बिनतिकीट नेण्याच्या मोहात पडू नका, पूर्ण भाडं भरून त्याचा बर्थ घ्या. सहा महिन्यांच्या पोटाशेजारी अडीच वर्षांचं मूल एका बर्थवर झोपूच शकत नाही, रात्री लाथा बसतात. गरोदर स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो. डॉक्टरांचा दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर जा. आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, आणि गणपतीत ते किती वेळात भरतं हे कोकणच्या माणसाला सांगायला नको. गणपतीला जाऊच नका असं मी म्हणणार नाही, पण त्या गर्दीत हे पोट आणि हे पोर घेऊन फलाटावर उभं राहण्यापेक्षा महिनाभर आधी निवांत जाऊन आलेलं केव्हाही चांगलं.

पिशवीत काय घ्यावं ते तुम्हाला ठाऊक आहेच. मेतकूट, मऊ भाताचा डबा, राजगिऱ्याचे लाडू, घरचं उकळलेलं पाणी, ओआरएसची पाकिटं. (पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच ते मिसळायचं, अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात, असं अंदाजाने नको.) पण एका वस्तूबद्दल कळकळीने सांगते. तुमच्या लोहाच्या गोळ्या. घरी त्या वरच्या फळीवर असतात, प्रवासात मात्र पर्समध्ये, आणि पर्स बर्थवर पोराच्या शेजारी. सरकारी दवाखान्यातून मिळणारी गोळी लाल, वरून साखरेचा थर, मुलाला ती जेम्सच्या गोळीसारखीच दिसते. तुम्हाला औषध असलेल्या त्या गोळ्या चार-सहा पोटात गेल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. त्या बंद पिशवीत, सर्वात वरच्या बर्थवर ठेवा, आणि माहेरी पोचल्यावर पर्स खुंटीला लावण्याआधी गोळ्या काढून कपाटात टाका. मुलाने गिळल्या असं नुसतं वाटलं तरी उलटीची वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा.

आणि ते सर्दीचं औषध. 'थोडं पाजा, गाडीत छान झोपेल' असं कोणीतरी सांगतंच. कृपा करून नको. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापायला औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये लावलं आहे. जागं मूल परवडलं.

स्टेशनवर मामा स्कूटर घेऊन आलेला असतो. 'पाच मिनिटांचा तर रस्ता' म्हणून पोराला पुढे उभं करतो आणि तुम्हाला मागे एका बाजूने बसवतो. प्रेमाने आलेला असतो, पण नाही म्हणा, रिक्षा करा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा लागतो, वेगही ताशी ४० किलोमीटरच्या आतच हवा, हा २०२३ पासून नियमच आहे. चारचाकीत पट्टा लावाच. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या सांध्यावर, आणि वरचा छातीच्या मधून पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा कधीच नको.

गावी पोचल्यावर मात्र खरी कसोटी माणसांची. ओटीवर बसलेलं प्रत्येक जण थोरल्याला जवळ ओढतं आणि म्हणतं, "आता बाळ येणार, मग तुझे लाड बंद! तुला कोण विचारणार?" सगळे हसतात. मूल हसत नाही. ते मोठ्यांच्या तोंडाकडे एकदा आणि आईच्या पोटाकडे एकदा बघतं. अशा वेळी गप्प बसू नका. काका असोत की आजी, हसत पण स्पष्ट सांगा, "नाही हो, त्याचे लाड कुठे जात नाहीत." आणि हे मुलासमोरच सांगा, मागून नको. 'तू आता दादा झालास, रडायचं नाही' हेही तसंच. दादा व्हायला त्याने अर्ज केलेला नाही. अडीच वर्षांच्या मुलाला महिने कळत नाहीत, तेव्हा 'तीन महिन्यांनी बाळ' असं सांगून उपयोग नाही. 'गणपती जातील, मग दिवाळी, मग बाळ' असं सांगा. गादीत शू करायची सुटलेली सवय पुन्हा लागली तर पंगतीत त्याची चर्चा करू नका.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी या प्रवासात आईशी बाळंतपणाचं बोलणार असतील. पहिलं माहेरी, दुसरं सासरी अशी आपल्याकडची जुनी रीत, पण आता मुंबई-पुण्यात दोघंच राहणाऱ्यांना सासरही गावीच असतं. माहेरी जायला माझा विरोध नाही. आईच्या हातची खीर आणि शेक-शेगडी कोणाला नको असते? पण बाबा मुंबईत आणि आई-थोरला-बाळ कुडाळला, असे तीन महिने गेले तर थोरल्याची आई बाळाकडे जाते आणि बाबाही हातचा सुटतो. त्यापेक्षा आजीला मुंबईला आणा, किंवा बाबाने रजा काढून गावी राहावं. आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने आहे, बाळंतपणाआधी त्यातले आठ आठवडे घेता येतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप म्हणून पंधरा दिवस मिळतात, खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. म्हणून बाबांनो, वर्षाची हक्काची रजा क्रिकेटच्या सामन्यांवर आणि लांबच्या लग्नांवर खर्चू नका, सातव्या महिन्यातच साहेबांच्या कानावर घाला. आणि ज्या रात्री आई दवाखान्यात असेल त्या रात्री थोरल्याशेजारी कोण झोपणार, हे आजच ठरवा. बाबा, आजी, मावशी, जे कोणी असेल त्या माणसाशेजारी त्याला या आठवड्यापासूनच अधूनमधून झोपू द्या.