बासरीसाठी ट्यूनर कोणता घ्यावा?

प्रश्न : माझी मुलगी गेलं दीड वर्ष बासरी शिकते आहे. बासरी पांढरी तीनची. क्लासमध्ये गुरुजी सूर उतरला की लगेच सांगतात, घरी मात्र तिचं तिला कळत नाही. म्हणून ट्यूनर घ्यायचा विचार आहे. दुकानदार गिटारला लावायचा चिमट्याचा ट्यूनर घ्या म्हणतो, तो स्वस्तही आहे. फोनवरचं फुकट अ‍ॅप चालेल का? आणि ट्यूनरवरच्या सी, डी, ई मध्ये सा शोधायचा कसा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चिमटा नको. गिटारच्या लाकडाला तो धरतो तेव्हा तारेचं कंपन त्याला थेट मिळतं. बासरीत वाजते ती नळीतली हवा. बांबू स्वतः फारच थोडा थरथरतो. त्यामुळे चिमट्याचा काटा कधी हलतच नाही, तर कधी भलताच स्वर दाखवतो. बासरीला माइक असलेला ट्यूनर हवा.

पण त्याआधी तो कशासाठी हवा हे पाहू. गिटारवाला काटा पाहतो, खुंटी पिळतो आणि ट्यूनर बाजूला ठेवतो. बासरीला खुंटीच नाही. कारागिराने भोकं पाडली तेव्हाच तिचा सूर बराचसा ठरला. उरलेला फुंकणाऱ्याच्या हाती. फुंकर जोरात गेली की सूर चढतो, बासरी आत वळून ओठाने मुखरंध्र जास्त झाकलं की उतरतो. एकच बासरी दोघांनी वाजवली तर काटा दोन ठिकाणी थांबू शकतो. म्हणून मुलीला ट्यूनरचा खरा उपयोग आपली फुंकर तपासायला होणार आहे, आणि निवडही त्याच हिशेबाने करावी.

तीन गोष्टी पाहा.

पहिली, ट्यूनर क्रोमॅटिक असावा, म्हणजे बाराही स्वर ओळखणारा. फक्त गिटारसाठीचा ट्यूनर सहा तारांचेच स्वर जाणतो.

दुसरी, काटा सेंटमध्ये वाचता यावा. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेंट. नुसते लाल-हिरवे दिवे लावणारं यंत्र सूर किती उतरला ते सांगत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे.

तिसरी, पायाचा सूर बदलता यावा. कारखान्यातून ट्यूनर येतो तो मधल्या सप्तकातला ए ४४० हर्ट्‌झ धरून. पण बासरीतली हवा थंड असली की सूर उतरतो, तापली की चढतो. तापमानातल्या एका अंशाला जास्तीत जास्त ३ सेंटचा फरक. थंडीतल्या सकाळी चांगली बासरीसुद्धा १५-१६ सेंट उतरलेली दिसू शकते. अशा वेळी पाया ४३६ वर आणला की काटा पुन्हा मध्यावर येतो, कारण या टापूत १ हर्ट्‌झ म्हणजे साधारण ४ सेंट. तानपुराही तेवढाच खाली घ्यावा.

या तिन्ही गोष्टी चांगल्या फुकट अ‍ॅपमध्ये असतात. तेव्हा सुरुवात अ‍ॅपनेच करा. वेगळं यंत्र घ्यावं ते फोनवर तानपुरा चालू ठेवायची सवय असेल तर. एकच फोन तानपुरा वाजवणार आणि सूरही मोजणार म्हटल्यावर त्याला आपलाच तानपुरा आधी ऐकू येतो. घ्यायचाच झाला तर कॉर्गच्या सीए मालिकेसारखा, खिशात मावणारा साधा ट्यूनर पुरेसा आहे. रंगीत पडदा किंवा मेट्रोनोम यांसाठी जादा पैसे मोजू नका.

आता सा. पेटीची पांढरी तीन म्हणजे ई. वरची तीन भोकं झाकून येणारा तिचा सा ट्यूनरवर ई दिसेल. सहाही झाकून येणारा मंद्र पंचम बी, सगळी मोकळी ठेवून येणारा तीव्र मध्यम ए शार्प. काही ट्यूनर ए शार्पला बी फ्लॅट म्हणतात, पट्टी एकच.

वापरताना आधी पाच मिनिटं वाजवून बासरी गरम होऊ द्यावी. तानपुरा बंद, पंखा शक्यतो बंद. डोळे मिटून सा लावायचा, स्थिर झाला असं वाटलं की मगच काट्याकडे पाहायचं. आधीपासून काट्यावर नजर ठेवली तर ओठ काट्यामागे धावतात आणि कान काहीच शिकत नाही. सा मध्यावर असण्याइतकंच शेवटच्या श्वासापर्यंत तो न हलणं महत्त्वाचं. नंतर तार सा. मधला सा जुळतो, पण तार सा दर वेळी २५-३० सेंट हटतो, तर गुरुजींना एकदा तीच बासरी वाजवायला सांगा. त्यांच्याकडूनही हटला तर दोष बासरीत. नवी बासरी घेतानाही हीच कसोटी लावा.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा : गंधार काट्यावर ठरवू नका. ट्यूनरचे स्वर पेटीसारखे समान वाटलेले असतात; त्यात सापासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर. तानपुऱ्याच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो तो ३८६ वर, म्हणजे १४ सेंट खाली. बिलावल अंगाचा गोड गंधार लागला की काटा डावीकडे कलेल आणि मुलगी तो बिचारा चढवत नेईल. पंचमात हा फरक जेमतेम २ सेंटचा. म्हणून सा आणि प यांच्यासाठी ट्यूनर, बाकीच्या स्वरांसाठी तानपुरा आणि गुरुजी.

प्रश्न : मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. सी वाजवला की नवा ट्यूनर ए शार्प दाखवतो. बिघडलेला निघाला का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ट्यूनर ठीक आहे. तुमचं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं असणार. त्यावर सी म्हणून वाजवलेला स्वर ऐकू येतो तो बी फ्लॅट, म्हणजेच ए शार्प. ट्यूनरमध्ये वाद्याची पट्टी बदलायची सोय असेल तर ती बी फ्लॅटवर ठेवा, नसेल तर एक स्वर खाली वाचायची सवय करा. बासरीत नाही ती सोय तुमच्याकडे आहे : सूर चढत असेल तर माउथपीसखालचा बॅरल किंचित बाहेर ओढा. आणि शेजारी ट्रम्पेट, ढोल चालू असताना माइकचा ट्यूनर गोंधळतो. तिथे क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावलेला चिमटाच कामाला येईल.