विहारातील मुक्काम आणि विनयाचा एक नियम

काही वर्षांपूर्वी दहावीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही बोधगयेस गेलो होतो. वाटेत बस बिघडल्याने पोहोचेतो रात्रीचे साडेअकरा वाजले. ठरलेली धर्मशाळा केव्हाच बंद झाली होती. शेवटी जवळच्या एका विहाराचे फाटक वाजवले. एक वृद्ध भंतेजी विजेरी घेऊन आले. त्यांनी मुले मोजली, पिण्याचे पाणी व शौचालय दाखविले, सभागृहात चटया अंथरून दिल्या आणि नोंदवही सकाळी भरू, असे सांगून ते निघून गेले. एका विद्यार्थ्याने हळूच विचारले, ‘‘सर, आपण कोण हे न विचारताच आत घेतलं?’’ त्या रात्री आम्ही त्यास नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

परक्या विहारात येणाऱ्या भिक्षूने कसे वागावे, याचे सविस्तर नियम विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहेत. आवारात शिरण्यापूर्वी पादत्राणे काढून झटकावीत, छत्री मिटावी, निवासी भिक्षूंकडे सावकाश जावे, पिण्याचे पाणी कोणते व हातपाय धुण्याचे कोणते ते विचारावे. कोणती खोली रिकामी आहे, शौचास कोठे जायचे, हेही विचारून घ्यावे. रिकाम्या खोलीचे दार आधी ठोठवावे, थोडे थांबावे, मगच उघडावे. यामागची कथा मुलांना फार आवडते: एका पाहुण्या भिक्षूने घाईने कडी काढून दार ढकलले आणि वरून साप थेट त्याच्या खांद्यावर पडला! पाहुणा ज्येष्ठ असेल तर निवासी भिक्षूनेही आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन त्याचे पात्र व चीवर हाती घ्यावे. निघताना पाहुण्याने भांडी जागेवर ठेवावीत, दारे-खिडक्या लावाव्यात आणि कोणास तरी सांगून जावे.

हे झाले भिक्षूंचे. गृहस्थ प्रवाशाचे काय? लेणी म्हणजे व्यापाऱ्यांच्या सराया होत्या, असे सर्रास लिहिले जाते. आम्हांस हे विधान सैल वाटते. कोठड्यांतील दगडी ओटे भिक्षूंसाठी होते. प्रवाशांसाठी निराळी सोय केल्याचा पुरावा नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यातच आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसौर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि सोपारा, येथे चौसोपी विश्रामगृहे दिल्याचे तेथील शिलालेखात कोरले आहे.

तरीही विहारात गृहस्थ झोपत असत, हे निश्चित. कारण त्यावर नियम करावा लागला. आळवी येथे धम्मश्रवणास आलेले उपासक रात्री सभागृहातच झोपले. नवशिक्या भिक्षूंचे झोपेतील अस्ताव्यस्त रूप पाहून त्यांनी नावे ठेवली. तेव्हा उपसंपदा न झालेल्या व्यक्तीसोबत भिक्षूने एका छताखाली झोपू नये, असा नियम झाला.

पुढे कोसंबी येथे या नियमाने एका मुलाला उघड्यावर आणले. राहुल तेव्हा श्रामणेर होता, उपसंपदा झालेली नव्हती. भिक्षूंनी नियमावर बोट ठेवून त्याला झोपण्यास जागा नाकारली. तो शौचकूपात जाऊन झोपला. पहाटे तथागत तेथे गेले व खाकरले; आतून प्रतिसादाचे खाकरणे ऐकू आले. ‘कोण आहे?’ ‘मी राहुल.’ कारण कळल्यावर तथागतांनी राहुलला सहनशीलतेचा उपदेश केला नाही, की भिक्षूंना अपवाद करण्यास सांगितले नाही. त्यांनी नियमच बदलला: उपसंपदा न झालेल्या कोणासही दोन-तीन रात्री सोबत झोपू द्यावे. पाचित्तियातील हा पाचवा नियम राहुलपुरता नाही. आमच्या बसमधील मुलांनाही तोच लागू होता.

१९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेलेल्या बाबासाहेबांना कोणत्याही हिंदू हॉटेलात जागा मिळणे शक्य नव्हते. पारशी नाव सांगून त्यांना एका पारशी सराईत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान मुंबईची गाडी येईपर्यंत एका सार्वजनिक बागेत बसून होता. नाव, गाव, जात हे प्रश्न दारातच विचारले गेले की काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागत नाही. भंतेजींनी नोंदवही सकाळवर टाकली, याचे मोल म्हणूनच आम्हांस मोठे वाटते.

एक कबुलीही दिली पाहिजे. सकाळी आम्ही घाईने निघालो. चटया तशाच, नळ गळत, कोपऱ्यात केळ्यांच्या साली. बस सुरू झाल्यावर खिडकीतून भंतेजी वाकून सभागृहाची पायरी झाडताना दिसले. चुल्लवग्ग आम्ही वर्गात शिकविला होता! बस थांबवून आम्ही व चार मुले परत गेलो. भंतेजी आधी झाडू देईनात. मग हसून म्हणाले, दोनच आहेत, आळीपाळीने घ्या.