अध्यक्षांना थंडी बाधली का?

पुढील वाक्य जरा सावकाश वाचा.

'अमेरिकेचे नववे राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन यांनी शपथविधीच्या दिवशी कडाक्याच्या थंडीत, ओव्हरकोट न घालता, दोन तास भाषण केले. त्यामुळे त्यांना थंडी बाधून न्यूमोनिया झाला व अवघ्या ३१ दिवसांनी त्यांचे निधन झाले.'

या आशयाचे वाक्य कितीतरी पुस्तकांतून छापले गेले आहे. गोष्ट लहान आहे, लक्षात राहते, आणि थंडीत कोट घालावा हा आजीचा सल्लाही तिच्यातून आपोआप मिळतो. तेव्हा वाचणाऱ्याला शंका येत नाही. आता समजा, हे वाक्य तुम्हाला विकिपीडियावरील हॅरिसन यांच्या चरित्रात आढळले. तुम्ही काय कराल?

आपल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातील नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिल्या व संपादकांनी तपासल्या. छापील खंडात एखादी चूक राहून गेली, तर पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागते. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाची रीत निराळी आहे. (त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी सुरू झाली.) तेथे वाचक हाच लेखक आणि तोच संपादक. चूक पाच मिनिटांत सुधारता येते. तितक्याच वेळात नवी चूक घालताही येते. म्हणून तेथे दुरुस्ती करणाऱ्याला नुसता उत्साह पुरत नाही, पद्धत लागते. ती पद्धत प्रयोगशाळेतल्यासारखीच आहे: मिश्रण आले की प्रथम घटक वेगळे करायचे.

आपले वाक्य एक दिसत असले तरी त्यात निदान सहा विधाने आहेत. थंडी होती, कोट नव्हता, भाषण दोन तास चालले, न्यूमोनिया झाला, मृत्यू ३१ दिवसांनी आला, आणि या सर्वांना बांधणारे 'त्यामुळे'. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, 'हे कोणी पाहिले, आणि कोठे लिहून ठेवले?'

शपथविधी ४ मार्च १८४१ रोजी झाला. हॅरिसन तेव्हा ६८ वर्षांचे होते. ते बंद गाडीत न बसता घोड्यावरून आले, ओव्हरकोट व टोपी त्यांनी वापरली नाही, हवा थंड होती आणि वारा होता, हे सारे नोंदलेले आहे. 'कडाक्याच्या' हा शब्द मात्र गाळावा. तापमानाचा आकडा दिल्याशिवाय अशा विशेषणाला शास्त्रात किंमत नाही.

भाषणाचे काय? ते छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि त्यातील शब्दसंख्या ८,४४५ अशी दिली जाते. त्याला सुमारे पावणेदोन तास लागले असे सांगतात, म्हणजे १०५ मिनिटे. भागाकार करा: मिनिटाला सुमारे ८० शब्द. घड्याळ लावून एखादा धडा मोठ्याने वाचून पाहा. तुमचा वेग याहून बराच जास्त भरेल. पण ध्वनिवर्धक नसताना, उघड्या मैदानात, गर्दीला ऐकू जावे म्हणून थांबत थांबत बोलणाऱ्या माणसाचा हा वेग असंभवनीय नाही. 'दोन तास' हे ढोबळ आहे, खोटे नाही. 'सुमारे पावणेदोन तास' लिहिले म्हणजे झाले.

आता ३१ दिवस. हॅरिसन वारले ४ एप्रिल रोजी, मध्यरात्रीनंतर साडेबारा वाजता. ४ मार्चच्या दुपारी बारापासून मोजले तर ३० दिवस आणि साडेबारा तास होतात. तारखांची वजाबाकी केली तर ३१. दोन्ही टोकांचे दिवस धरले तर ३२! तिन्ही हिशेब बरोबर आहेत, फक्त मोजण्याची रीत वेगळी. एकाने ३१ चे ३२ करायचे आणि दुसऱ्याने पुन्हा ३१, असले भांडण टाळायचे असेल, तर दोन्ही तारखा लिहून द्याव्यात. मग वाचक आपला हिशेब आपण करील.

राहिले मुख्य विधान: 'त्यामुळे'. येथे एक तारीख आपल्या वाक्यात मुळी नाहीच, आणि सगळा घोटाळा तेथेच आहे. हॅरिसन आजारी पडले ते २६ मार्च रोजी. म्हणजे भाषणानंतर २२ दिवसांनी! सर्दी विषाणूंमुळे होते, आणि विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः एक ते तीन दिवस लागतात. तीन आठवडे नव्हेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. येथे तर कावळा उडून गेल्यावर तीन आठवड्यांनी फांदी मोडली, आणि तरीही लोकांनी कावळ्यालाच दोष दिला!

मग ते कशाने वारले? त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. टॉमस मिलर यांनी या आजाराची हकीकत लिहून ठेवली. बोस्टनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात ती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागाचा न्यूमोनिया आणि त्याच्या जोडीला यकृताची सूज, असे त्यांचे निदान होते. पण हे निदान लक्षणांना पुरते लागू पडत नाही, याची जाणीव खुद्द मिलर यांना होती. लोक सारखे विचारत होते, म्हणून समजेल असे एक नाव दिले, अशा अर्थाचे त्यांनीच लिहिले आहे. एका प्रामाणिक डॉक्टरने ठेवलेली ही शंका नंतरच्या चरित्रकारांनी गाळली, आणि नाव तेवढे उरले.

२०१४ साली जेन मॅकह्यू आणि फिलिप मॅकोव्हिअक या दोघांनी मिलर यांची हकीकत नव्याने तपासली. रोग्याच्या पोटाच्या तक्रारी त्यांना महत्त्वाच्या वाटल्या. त्या काळी वॉशिंग्टन शहरात गटारांची व्यवस्था नव्हती, आणि व्हाइट हाऊसला जेथून पाणी येई त्याच्या वरच्या अंगाला शहरातील मैला टाकण्याची जागा होती. यावरून, हॅरिसन यांना दूषित पाण्यातून आंत्रज्वर, म्हणजे विषमज्वर किंवा त्याच्या जातीचा ज्वर, झाला असावा असे अनुमान त्यांनी काढले. विषमज्वराची लक्षणे दिसू लागायला साधारण एक ते दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो, हे ध्यानात घेतले की तारखाही जुळतात. मिलर यांना हे उमगले नाही म्हणून त्यांना नावे ठेवू नका. विषमज्वराचा जंतू कार्ल एबर्ट यांनी १८८० साली पाहिला, म्हणजे हॅरिसन यांच्या मृत्यूनंतर ३९ वर्षांनी.

येथे उत्साही विद्यार्थी एक नवी चूक करतो. तो 'न्यूमोनिया' खोडतो आणि तेथे 'विषमज्वर' लिहून मोकळा होतो. मॅकह्यू व मॅकोव्हिअक यांच्यापाशी रक्ताचा नमुना नव्हता; त्यांच्यापाशी १७३ वर्षांपूर्वीचा कागद होता. त्यांचे अनुमान सबळ आहे, मला ते पटते, पण ते अनुमानच आहे. ज्ञानकोशात ते त्यांच्या नावावर लिहायचे. तुमच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली उपपत्ती तर तेथे चालतच नाही, मग ती कितीही चतुर असो. ती आधी अन्यत्र प्रसिद्ध व्हावी, जाणकारांनी ती तपासावी, असा विकिपीडियाचा नियम आहे. तुम्हाला तो जाचक वाटेल. पण ज्याला त्याला आपले शोध थेट ज्ञानकोशात घालू दिले, तर वाचकाने कोणावर विसंबावे?

संदर्भ देतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीत कार्ल थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे मंत्री झाले. त्यांच्या लांबलचक नावात आधीच पुष्कळ नावे होती. कोणीतरी जर्मन विकिपीडियात त्यांत गुपचूप 'विल्हेल्म' हे आणखी एक घुसडले. वृत्तपत्रांनी ते तसेच उतरून घेतले. मग विकिपीडियावर शंका निघाली, तेव्हा पुरावा म्हणून त्याच वृत्तपत्रांकडे बोट दाखवण्यात आले! म्हणून दहा पुस्तकांत एकच गोष्ट आढळली की दहा पुरावे मिळाले असे समजू नका. त्या दहांनी एकाच्याच वहीतून उतरवले असेल, तर पुरावा एकच. वर्गात एकाच चुकीचे गणित दहा वह्यांत सापडले की तुमचे गुरुजी काय ओळखतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आता आपले वाक्य पुन्हा लिहू.

'हॅरिसन यांनी ४ मार्च १८४१ रोजी, थंड हवेत, ओव्हरकोट व टोपी न घालता सुमारे पावणेदोन तास भाषण केले. २६ मार्च रोजी ते आजारी पडले व ४ एप्रिल रोजी वारले. डॉ. मिलर यांनी न्यूमोनिया असे निदान नोंदवले, मात्र ते अपुरे असल्याचेही सूचित केले. भाषणाच्या वेळी बाधलेली थंडी हे मृत्यूचे कारण मानण्याची समजूत पुढे रूढ झाली. मॅकह्यू व मॅकोव्हिअक यांच्या मते (२०१४) दूषित पाण्यातून झालेला आंत्रज्वर हे कारण असावे.'

मूळ गोष्टीची गंमत यात उरली नाही, हे कबूल. पण यातील प्रत्येक वाक्यापुढे संदर्भ देता येतो. ज्या वाक्याला तो मिळत नाही, ते परस्पर खोडण्याआधी 'संदर्भ हवा' अशी खूण करून ठेवावी. कदाचित दुसऱ्या कोणापाशी तो असेल. लेखाच्या 'इतिहास' या पानावर कोणी, केव्हा, काय बदलले ते सर्व दिसते. तुमची दुरुस्ती तासाभरात कोणी पुसून टाकली, तर तेथे कळेल. अशा वेळी पुन्हा पुन्हा तीच दुरुस्ती करत बसू नका. 'चर्चा' पानावर जा आणि २६ मार्च ही तारीख, तिच्या संदर्भासह, मांडा.

जाता जाता एक कोडे. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची जन्मतारीख एका ठिकाणी २२ फेब्रुवारी १७३२ अशी दिसते, तर दुसऱ्या ठिकाणी ११ फेब्रुवारी १७३१ अशी. दोन्हींपैकी एकही चूक नाही. ११ दिवसांचा फरक कसा पडला हे तुम्ही लवकर शोधाल; इंग्लंडने व त्याच्या वसाहतींनी सप्टेंबर १७५२ मध्ये काय केले ते पाहा. पण वर्ष का बदलले? त्या काळी तेथे नवे वर्ष कोणत्या तारखेला सुरू होई, हे शोधल्याखेरीज त्याचे उत्तर मिळणार नाही. ते मिळाले की, ही जन्मतारीख चरित्रात कशी लिहाल ते एका वाक्यात लिहून पाहा.