आबांचा टेलिफोन

रायगड जिल्ह्यात समुद्रापासून दोन कोसांवर एक गाव आहे. त्या गावात आबांचे घर आहे. घराच्या पडवीत भिंतीला एक फळी आहे. फळीवर टेलिफोन आहे. तो बसून पंचवीस वर्षे होऊन गेली. त्या वेळी साऱ्या गावात तीनच टेलिफोन होते. कुणाची लेक बाळंत झाली, कुणाचे माणूस गेले, की निरोप आबांच्या घरी यायचा. आबा पायांत वहाणा सरकवून सांगायला धावायचे.

आता घरोघर मोबाइल झाले. तरी आबांनी टेलिफोन ठेवला. त्याला कारणे दोन. एक तर घर डोंगराच्या कुशीत. घरात मोबाइलला रेंज मिळत नाही. अंगणाबाहेर चिंचेखाली जावे, तेव्हा कुठे बोलणे होते. दुसरे कारण आजी. आजींना दमा आहे. रात्री-अपरात्री दम लागतो. मोबाइलच्या काचेवर बोट फिरवणे त्यांना जमत नाही. टेलिफोनची बटणे मात्र त्या अंधारातही चाचपून दाबतात. मुंबईच्या लेकीचा नंबर त्यांच्या बोटांना पाठ आहे.

गेल्या पावसाळ्यात टेलिफोन मुका झाला. आबा टेलिफोनच्या कचेरीत गेले. तिथला माणूस म्हणाला, "आबा, तार कुजली. तांब्याची नवी तार आता टाकत नाहीत. फायबर घ्या. इंटरनेटवरचा टेलिफोन मिळेल. स्वस्तही पडेल."

वाटेत केबलवाल्या मुलाने आबांना एक छापील कागद दिला. आबा साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकले, त्याला दोन वर्षे झाली. कागद घेऊन ते रात्री वर्गावर आले.

"गुरुजी, मी सगळं वाचलं. वाचता आलं, पण उमगलं नाही. इंटरनेटवरचा टेलिफोन म्हणजे काय हो?"

गुरुजींनी काय सांगितले, ते आपणही ऐकू या.

मुंबईत टेलिफोनचे पहिले एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले. घरापासून एक्स्चेंजपर्यंत तार न्यावयाची, ही रीत तेव्हापासूनची. आबांची जुनी तार तांब्याची होती. तिच्यातून थोडी वीज वाहते. आपण बोललो की आवाजाप्रमाणे ती वीज कमी-जास्त होते. दुसऱ्या टोकाला तिचा पुन्हा आवाज होतो. झाले! इतकेच त्यातले गुपित.

नव्या टेलिफोनचे तसे नाही. तो आपल्या बोलण्याचे बारीक तुकडे करतो. एका सेकंदाचे साधारण पन्नास. प्रत्येक तुकडा आकड्यांत लिहितो. त्यावर पत्ता घालतो आणि अनुक्रमांकही घालतो. जणू एका सेकंदात पन्नास पोस्टकार्डे पेटीत पडली! ही कार्डे इंटरनेटच्या वाटेने जातात. पलीकडे ती अनुक्रमाने लागतात आणि त्यांचा पुन्हा आवाज होतो. काही कार्डे हरवली किंवा उशिरा आली, की बोलणे तुटक ऐकू येते. ही वाट बहुधा काचेच्या तारेची असते. तिलाच फायबर म्हणतात. आतली काच केसासारखी बारीक असते आणि तिच्यातून उजेड धावतो.

"आता एक पैसे वाचवायची गोष्ट सांगतो," गुरुजी म्हणाले. "या कागदावर ३० एमबीपीएस, १०० एमबीपीएस, ३०० एमबीपीएस असे वेग लिहिलेत. जितका वेग जास्त, तितके पैसे जास्त. पण बोलण्याला वेग फार लागत नाही. ३० एमबीपीएसच्या तारेतून एका वेळी शंभर जणांचं बोलणं सहज जाईल. तुमच्या घरी बोलणार किती? दोघं! सगळ्यांत खालचा भाव पुरे."

आबा हसले. मग त्यांनी विचारले, "गुरुजी, तारेतून उजेड जातो म्हणता. मग वीज?"

"काचेतून वीज जात नाही. ते एका परीने बरंच. आकाशात वीज कडाडली तर तांब्याच्या तारेतून ती घरात शिरायची भीती असते. काचेला ते भय नाही."

"तसं नव्हे. टेलिफोन चालतो तो कोणाच्या विजेवर?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. साऱ्या कागदावर हा प्रश्न कुठेच नव्हता.

जुन्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून येई. तिथे मोठ्या बॅटऱ्या असतात. त्यांची सुमारे ४८ व्होल्टची वीज त्याच तांब्याच्या तारेने घरी येई. म्हणून गावची वीज गेली तरी साधा तारेचा टेलिफोन चालू राही. नव्या पद्धतीत घरात एक डबा बसवतात. त्याला कुणी मोडेम म्हणतात, कुणी राउटर. काचेची तार त्या डब्यात येते आणि टेलिफोनही त्याच डब्याला जोडतात. डबा घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की डबा बंद. डबा बंद की टेलिफोन मुका.

"म्हणजे पावसाळ्यात रात्री वीज जाणार, त्याच वेळी हिला दम लागणार, आणि टेलिफोन मुका?" आबांनी विचारले.

"होय. म्हणून डब्यासाठी छोटी बॅटरी घ्यावी लागते. दुकानात राउटरचा यूपीएस म्हणून मागा. डबा किती व्होल्टचा आहे, ते त्याच्या खाली लिहिलेलं असतं. पुष्कळांचं १२ व्होल्ट असतं. तो आकडा वाचून, कागदावर उतरून मगच दुकानात जा. चुकीची बॅटरी जोडली तर डबा जळेल."

विजेचा खर्चही मांडला पाहिजे. असा डबा साधारण १० वॅट वीज खातो. तो दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. महिन्याला सुमारे ७ युनिट होतात. हे पैसे टेलिफोनच्या बिलात दिसत नाहीत. ते विजेच्या बिलात जातात.

आणखी एक ठिकाण आहे, तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. गावात काचेच्या तारा पुष्कळदा केबलवाल्याच्या खोलीतून येतात. त्या खोलीतही यंत्र असते. घरी बॅटरी आहे, पण तिथे नाही, तर काय उपयोग? आबांनी दुसऱ्या दिवशी त्या मुलाला गाठले.

"बाळा, तुझ्या खोलीत वीज गेली तर यंत्र किती वेळ चालतं?"

मुलगा जरा घुटमळला. म्हणाला, "आबा, आतापर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं. बॅटरी आहे. सहा तास चालते."

"चल, दाखव."

आबांनी जाऊन डोळ्यांनी बॅटरी पाहिली. कुणाला हे फाजील वाटेल. मला तसे वाटत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. कित्येक गावांतले लोक आपण जिवंत आहोत हेसुद्धा मुंबईच्या नातलगांना कळवू शकले नाहीत. खांब पडले तेव्हा तांब्याच्या ताराही तुटल्या, हेही खरे. जुने ते सगळे सोने होते असे नाही.

आता पैशांचा हिशोब. कागदावर मोठ्या अक्षरांत छापले होते, "फक्त ३९९ रुपये!" त्या आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी होती. आबांनी चष्मा लावला आणि चांदणीचा पत्ता काढला. तो कागदाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत होता. तिथे लिहिले होते, "कर वेगळा. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ." हा कर म्हणजे जीएसटी. तो शंभराला १८ रुपये. म्हणजे ३९९ चे ४७० रुपये ८२ पैसे झाले. सहा महिन्यांचे झाले २,८२५ रुपये. त्यात बॅटरीचे पैसे मिळवा. डब्याची ठेव किती, ती परत मिळणार का, आणि तार ओढण्याचे पैसे किती, हेही विचारून लिहून घ्या. अमर्याद बोलणे असे छापले तरी परदेशचे बोलणे बहुधा त्यात नसते.

"इतके पैसे कशाला?" आबांचा पुतण्या म्हणाला. "व्हॉट्सअ‍ॅपवर बोला. फुकट!"

फुकट खरे, पण व्हॉट्सअ‍ॅपला दोन्हीकडे व्हॉट्सअ‍ॅप आणि इंटरनेट हवे. त्यावरून दवाखान्याचा साधा टेलिफोन लागत नाही. १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२ ची मदत त्यावरून बोलावता येत नाही. नातवंडांचे तोंड पाहायला ते उत्तम. अडीअडचणीला मात्र खरा नंबर असलेला टेलिफोनच पाहिजे.

पुतण्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र कामाची होती. काचेची तार घरात आली की घरात वाय-फाय येते. मग मोबाइलला रेंज नसली तरी वाय-फायवरून साधे बोलणे होते. याला वाय-फाय कॉलिंग म्हणतात. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केले. नंबर आपला नेहमीचाच राहतो. फक्त मोबाइल त्या सोयीचा असावा लागतो. ज्या घरात सगळ्यांना मोबाइल वापरता येतो, त्यांना वेगळा टेलिफोन घ्यायची गरजच नाही. आबांच्या घरी आजी होत्या, म्हणून टेलिफोन हवा होता.

राहिला नंबर. मोबाइलची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. ही सोय २०११ पासून साऱ्या देशात आहे. घरच्या टेलिफोनला ती नाही. दुसऱ्या कंपनीकडे गेले की नवा नंबर. आपल्याच कंपनीची काचेची तार घेतली तर जुना नंबर ठेवता येतो का, ते विचारावे आणि अर्जात तसे लिहून द्यावे. आबांनी स्वतःच्या हाताने लिहिले, "माझा जुना नंबर कायम ठेवावा." त्याखाली सही केली. अर्जाची पोच मागून घेतली. दुसरी कंपनी महिन्याला पन्नास रुपयांनी स्वस्त होती. पण पंचवीस वर्षांचा नंबर पन्नास रुपयांना विकायचा नाही, असे आजींनी सांगितले होते. मला विचाराल तर आजींचेच बरोबर.

आठ दिवसांनी तार आली, डबा बसला. आबांचा जुना बटणांचा टेलिफोनच डब्याला जोडला. बोट घालून फिरवायचा टेलिफोन असता तर पुष्कळशा डब्यांना तो चालत नाही. बिनतारी हातातला टेलिफोनही आबांनी घेतला नाही, कारण त्याच्या बैठकीला वेगळी वीज लागते. मोबाइलला लावायचा असेल तर आधी शून्य दाबावे लागते, हे आजींना नव्याने सांगावे लागले नाही. तो नियम १५ जानेवारी २०२१ पासूनचा आहे आणि त्यांच्या बोटांनी तो केव्हाच शिकून घेतला आहे.

त्या संध्याकाळी सात वाजता आबांनी घराचा मेन स्विच पाडला. घरात अंधार झाला. डब्यावरचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत राहिला. आजींनी चाचपत बटणे दाबली. पलीकडून लेक घाबरून म्हणाली, "आई, काय झालं गं? एवढ्या दिवसांनी या नंबरवरून?"

"काही नाही गं बाई. तुझ्या आबांची परीक्षा चाललीय."

आबा कंदील घेऊन डब्यापाशी बसून राहिले. दर अर्ध्या तासाला ते टेलिफोन उचलून कानाला लावत. अकरा वाजून दहा मिनिटांनी हिरवा दिवा विझला. आबांनी वहीत लिहिले, "चार तास दहा मिनिटे."

"आणि वीज रातभर आलीच नाही तर?" आजींनी विचारले.

आबांनी विचार केला. चिंचेखाली मोबाइलला रेंज मिळते. तिथून १०८ लागतो. आपल्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीची असली, तरी ११२ लागू शकतो. पण अंधारात, पावसात नेमकी ती जागा सापडायला हवी.

सकाळी आबा चिंचेखाली गेले. मोबाइल हातात धरून चार पावले इकडे, चार पावले तिकडे फिरले. जिथे रेंज चांगली मिळाली, तिथे त्यांनी एक मोठा दगड रोवला आणि त्याला चुना फासला.