मुक्या सिलिंडरचा शोध

सौंसरहून पांढुर्ण्यास जाताना आमची पेट्रोलवर चालणारी जुनी अँबॅसडर गचके देऊ लागली. (या मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले.) 'मिसिंग आहे, इंजिन उघडावे लागेल', असे एकाने सांगितले. तो खर्च म्हणजे आमच्या संत्र्यांच्या आंबिया बहाराचा पैसा!

इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असता चारांपैकी प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा पेटतो. एक मुका झाला की तितकेच हिसके बसतात. मुका कोणता, हे ओळखण्यासाठी मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने प्लगांच्या वायरी एकेक काढून पाहिल्या. (आपण हे करू नये, तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो.) वायर काढताच आवाज बिघडला, तर तो सिलिंडर काम करीत होता असे समजावे. तिसऱ्याची काढली, काहीच फरक नाही!

मग त्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरात बसविला. दोष प्लगाबरोबर गेला नाही, तिसऱ्यातच राहिला. प्लग ओला होता खरा. पण तेलाने असता, तर झिजलेल्या रिंगांचा संशय घ्यावा लागला असता. हा पेट्रोलने भिजलेला होता. म्हणजे पेट्रोल पोचत होते, ठिणगी पडत नव्हती. वायरीचे आवरण चिरलेले निघाले. नवी वायर लावताच इंजिन एका सुरात चालू लागले.