स्किझोफ्रेनिया : भोगलेल्याच्या तोंडून ऐका

लिलावाला ट्रॅक्टर घेऊन जाणारा विशी-बाविशीतला मुलगा हळूहळू बाजार समितीत जायचे टाळू लागतो. भाव पुकारणारे व्यापारी आपल्यालाच टोमणे मारतात, असे त्याला वाटते. रात्र रात्र जागतो, आंघोळ सोडतो, कांदाचाळीमागे एकटाच पुटपुटत बसतो. घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'बाहेरचं' हाच. अंगारे-उतारे होतात, मग 'लग्न लावून द्या, सुधारेल' हा सल्ला, आणि यात वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. स्किझोफ्रेनियात हीच वर्षे महागात पडतात, कारण उपचारांविना जितका काळ लोटतो तितके पुढचे सावरणे अवघड होते. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक उपचारांपासून दूर आढळले. डॉक्टर कमी आहेत हे खरेच. पण जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असूनही माणसे तिथवर जात नाहीत. लाज आडवी येते. ही लाज डॉक्टरच्या व्याख्यानाने फारशी हलत नाही, या आजारातून सावरलेला माणूस समोर बसून बोलला तर हलते, असे माझे मत आहे.

याला आधार आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी 2012मध्ये याविषयीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. प्रौढांच्या मनातला पूर्वग्रह नुसत्या माहितीपेक्षा आजार असलेल्या माणसाच्या भेटीने अधिक कमी होतो, आणि चित्रफितीपेक्षा समोरासमोरच्या भेटीचा परिणाम जास्त, असे त्यांना दिसले. किशोरवयीन मुलांमध्ये मात्र माहितीच सरस ठरली. तेव्हा दहावीच्या वर्गात चांगला धडा पुरेल, पण पालकांच्या सभेत माणूस हवा. आपल्याकडे ही वाट कुटुंबीयांनी आधी धरली. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपवला नाही. त्यांच्या पुढाकारातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही त्यांचे पाठबळ होते.

नुसत्या बोलण्याने आजार बरा होतो का, असे कोणी विचारेल. नाही होत. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत झालेल्या, 2014मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते रुग्णांच्या घरी जात. नेहमीच्या उपचारांना अशी जोड दिल्यावर लक्षणे आणि दैनंदिन अडचणी थोड्या अधिक कमी झाल्या. फरक माफकच होता, आणि ते कार्यकर्ते स्वतः रुग्ण नव्हते. सहरुग्णांच्या आधाराने आशा आणि सावरण्याची उमेद वाढते याचे काही पुरावे आहेत. लक्षणे कमी होण्याचे पुरावे कच्चे आहेत. म्हणून मी वक्त्याकडून एवढीच अपेक्षा धरतो, की ऐकणारा लवकर दवाखान्यात यावा आणि गोळ्या मध्येच सोडू नयेत.

इथेच दुसरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. एकाची वाट ऐकणाऱ्याला सगळ्यांची वाट वाटते. पुण्याच्या रेश्मा वल्लीअप्पन स्वतःच्या स्किझोफ्रेनियाविषयी जाहीरपणे बोलत आल्या आहेत. त्यांच्यावरच्या 'अ ड्रॉप ऑफ सनशाइन' या माहितीपटात औषधांविना सावरण्याची बाजू मांडली आहे. त्यांचा अनुभव खोटा ठरवायचे मला कारण नाही. पण बहुसंख्य रुग्णांत औषध बंद केल्यावर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो, हेही तितकेच पक्के आहे. त्यामुळे सभेत एकाऐवजी दोघा-तिघांनी बोलावे, त्यात एखादा अजून पुरता न सावरलेलाही असावा, आणि औषधांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला डॉक्टर किंवा समुपदेशक शेजारी बसलेला असावा.

राहिला गावाचा प्रश्न. लासलगावसारख्या ठिकाणी नाव फुटले की बहिणीच्या सोयरिकीपर्यंत कुजबुज पोचते. ही भीती अनाठायी नाही, आणि 'धीट व्हा' एवढे सांगून ती जातही नाही. म्हणून सुरुवात गणपतीच्या मांडवातल्या माईकवरून करू नये. ग्रामीण रुग्णालयातल्या एखाद्या खोलीत, आशाताईंनी निरोप देऊन बोलावलेल्या पाच-सात कुटुंबांपुढे बोलावे. चांदवड किंवा येवल्याच्या वक्त्याने इथे यावे, इथल्याने तिकडे जावे. काय सांगायचे आणि काय झाकून ठेवायचे हे त्यानेच ठरवावे. ऐन वेळी नको म्हटले तर आयोजकांनी गळ घालू नये. जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन द्यावे. वक्त्याची तब्येत नीट राहणे कार्यक्रमापेक्षा मोठे आहे, म्हणून घरच्यांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी : कार्यक्रमाआधी सलग दोन-तीन रात्री त्याची झोप उडाली, तो गप्प गप्प राहू लागला किंवा संशय पुन्हा डोके वर काढू लागला, तर भाषण रद्द करून त्याच्या डॉक्टरांना गाठावे. रात्री-अपरात्री कोणी सापडले नाही, तर 'टेली-मानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते.